दुसऱ्यांदा विसळलेल्या नळ्या

अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मणवस्तीतल्या, मधुमिताच्या घरी कामवालीने घासलेलं भांडं पुन्हा विसळल्याखेरीज आत येत नसे. "तिनं तिचं काम केलं, आपलं सोवळं आपण बघायचं," असं तिची आई अंबुजाबाई म्हणे. मधुमिताने सोवळं कधीच सोडलं. विसळणं मात्र हाताला चिकटून राहिलं.

म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेत ती तांब्याचे उत्प्रेरक घडवी. विजेच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडपासून अल्कोहोल करायचं, हा खटाटोप. वर्षानुवर्षं हाती नाममात्रच लागत होतं. मग नंजनगूडचा उपेंद्र संशोधनाला आला आणि त्याच्या तांब्याच्या पत्र्यावर भरघोस अल्कोहोल दिसू लागलं.

तिच्या मनात पाल चुकचुकली. त्याच्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचा निर्णय तोंडावर आला होता.

"उपेंद्र, वरून काही घातलंस?"

"काय मॅडम, मी काय बार उघडलाय? हवं तर मला बाहेर बसवा, तुम्हीच करून बघा." तो हसला.

त्या हसण्याचाही तिला संशय आला. विभागप्रमुख श्रीहरींना तिने सांगितलं, "मुदतवाढ थांबवा. कुठंतरी पाणी मुरतंय."

शनिवारी उपेंद्रला सुट्टी देऊन, दार आतून लावून तिने प्रयोग मांडला. कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन सोडला. त्यात कार्बनच नसतो. अल्कोहोल दिसलंच, तर ते बाहेरून आलेलं. आलेखावर अल्कोहोलचं तेच उंच टोक उभं राहिलं. चोर सापडला म्हणून ती सुखावली. मग भान आलं: खोलीत तिच्याशिवाय कोणीच नव्हतं.

दुसऱ्या चाचणीसाठी तिने उपेंद्रने धुऊन ठेवलेली नमुन्याची नळी उचलली. दुसऱ्या हातात स्पिरिटची बाटली कधी आली, ते तिलाही कळलं नाही. तो आल्यापासून, त्याच्या धुण्यावर भरवसा नाही म्हणून, ती प्रत्येक नळी अशीच स्पिरिटने विसळत होती. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच.

तिने बाटली ठेवून दिली आणि नळी न विसळता चाचणी केली. टोक नाहीसं झालं. पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडला, तेव्हा एक ठेंगणं टोक उरलं. तेवढंच खरं होतं.

सोमवारी ती आधी श्रीहरींकडे गेली. "अल्कोहोल माझ्या हातून मिसळत होतं. मुदतवाढ थांबवू नका."

उपेंद्रने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बार तुमचाच होता." या खेपेला तो हसला नाही.

नळ्या धुऊन झाल्यावर त्यातली एक त्याने उजेडात धरली. "परत विसळायची?"

मधुमिताने हात पाठीमागे बांधले. "साकु," ती कानडीत म्हणाली. "पुरे."