हत्तीवरचं निशाण

संगप्पा लग्नघरांच्या भिंती रंगवायचा. दाराच्या एका अंगाला हत्ती, दुसऱ्या अंगाला भालदार, वर पोपटांची जोडी. साखर पेठेत त्याचा हात लोक लांबून ओळखायचे. तीस सालच्या उन्हाळ्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला, निशाण दिसलं की माणसं तुरुंगात जाऊ लागली, आणि हीच ओळख त्याच्या जिवावर उठली. यंदा एका माहुताच्या हातात त्यानं हौसेनं पांढरं-हिरवं-लाल तिरंगी निशाण दिलं होतं. पण कुठल्या घरी? घरं तर नऊ झाली होती.

"चुन्याचं मडकं घेऊन कुटं निघालासा?" त्याची बायको दाक्षायणी दारात आडवी आली.

"पुसून येतो. न्हाय तर आज ना उद्या मला धरत्याल की."

आपलीच चित्रं तो चोरासारखी न्याहाळत चालला. एका हत्तीची सोंड पन्हळीच्या पाण्यानं ओघळलेली. एका भालदाराला पोरांनी कोळशाच्या मिशा काढलेल्या. एरवी तो हसला असता. आता नुसता लाल रंग दिसला तरी हात मडक्याकडं जायचा. पुढं देवळाच्या कट्ट्यावरचा शेंदूर बघूनही तो थबकला.

सातवं घर म्हाताऱ्या मल्लव्वाचं. निशाण लांबूनच दिसलं. आणि गल्लीच्या तोंडाशी दोन सोल्जर, खांद्याला बंदुका. संगप्पा गर्रकन मागं वळला आणि मडक्यातला चुना पायांवर सांडला. पळावं तर पांढरी पावलं उमटणार!

मल्लव्वा उंबऱ्यात होती. तिनं आधी त्याचे पाय बघितले, मग भिंत. आत जाऊन शेणाची पाटी आणली आणि माहुतावर थपाथपा गोवऱ्या लावल्या.

"हितं ऊन लई चांगलं लागतंय," ती मोठ्यानं म्हणाली. सोल्जर नाकाला रुमाल लावून पुढं गेले. मग ती हळूच म्हणाली, "होगप्पा मनिगे. जा घरी."

पंधरा दिवस संगप्पानं कुंचला हातात धरला नाही.

आषाढात कायदा उठला. मल्लव्वानं गोवऱ्या काढल्या, तर सोबत माहुताचा आणि निशाणाचा रंगही निघून आला. तिनं निरोप धाडला. दाक्षायणी नको-नको म्हणत असताना संगप्पा गेला. काढलं त्यानं निशाण पुन्हा, पण दोन फराटे मारले की मागं वळून बघायचा, आणि त्या दिवशीचा माहूत जरा वाकडाच झाला.