दूध परत पाठवणारी बाई

अनसाबाई गावात कुणालाच आवडत नव्हती. मलाही नाही. तिच्याविषयी लिहायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं.

बिदर जिल्ह्यातल्या मंठाळपासून चार मैलांवर आमचं गाव. तिथल्या मराठी शाळेत मी शिकवत होते. नाव जानकीबाई, पण गाव नुसतं 'बाई' म्हणायचं. घरी एक म्हैस होती. १९७९ साली गावात दुधाची सहकारी संस्था निघाली तेव्हा चारचौघांसारखी मीही सभासद झाले, दूध मात्र घातलं नाही. त्याआधी बियाण्याची एक संस्था निघाली होती. तिचं चांगलं बी पंचांच्या शेतात गेलं आणि किडकं आमच्या वाट्याला आलं. तेव्हापासून संस्था म्हटलं की लोक नाक मुरडायचे.

नव्या संस्थेचे अध्यक्ष बसवंतप्पा. गावातले सगळ्यांत मोठे शेतकरी, गोठ्यात आठ म्हशी. दूध तपासायला माणूस हवा होता. पहाटे साडेपाचला येऊन बसायचं, ॲसिडच्या बाटल्या हाताळायच्या, वर लोकांची बोलणी खायची. शिकलेल्या घरातून कुणी पुढे येईना. तेव्हा बसवंतप्पांनी अनसाबाईचं नाव काढलं. धनगराची बाई, चौथी पास. नवरा अंबाजी वर्षाचे सात-आठ महिने मेंढरांमागे. पाठीशी कुणी नाही, म्हणजे सांगू तसं वागेल, असं त्यांना वाटलं असणार. बिदरला जाऊन बारा दिवस शिकून ती आली, आणि चावडीशेजारच्या खोलीत टेबल मांडून बसली.

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. तिसऱ्या दिवशी मी नुसती बघायला गेले. बसवंतप्पांचा गडी दोन कळश्या घेऊन रांगेत उभा होता. अनसाबाईनं दुधात आकडे कोरलेली काचेची नळी सोडली. पाणी घातलेल्या दुधात ती नळी जास्त खाली बुडते, एवढं तोवर सगळ्यांना कळलं होतं. नळी चांगलीच बुडाली.

"बावीस आलंय. पाणी हाय ह्यात. परत न्या."

"अप्पाचं दूध हाय ते," गडी म्हणाला.

"म्हशीचं दूध हाय. न्हाई तर विहिरीचं हाय. परत न्या."

गडी कळश्या तिथंच ठेवून गेला आणि दहा मिनिटांत त्याच्यासोबत बसवंतप्पा स्वतः आले. रांग आपोआप बाजूला झाली.

"अनसा, काय म्हणायलीस?"

"अप्पा, बावीस आलंय. अठ्ठावीस पायजे. तुमीच लिवून दिलाय नियम."

"नळी खराब असंल."

तिनं पुढच्या माणसाच्या दुधात नळी सोडली. एकोणतीस आलं. पुन्हा अप्पांच्या कळशीत सोडली. बावीस. बसवंतप्पांनी रांगेकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "बराबर केलीस. नियम तो नियम." कळश्या घेऊन गडी परत गेला. बसवंतप्पांची मान लाल झालेली मला मागून दिसली.

दुसऱ्या दिवशी रांगेत साठ माणसं होती. सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये जायचं, म्हणजे एकाचं पाणी सगळ्यांच्या दुधात. अध्यक्षाचं दूध परत जातं, म्हणजे कुणाचंही जाईल, या एका गोष्टीवर संस्था उभी राहिली. सभा, फलक, भाषणं यांनी जे झालं नव्हतं ते त्या दोन कळश्यांनी केलं.

मीही दूध घालायला लागले, आणि मग माझीही पाळी आली. त्या आठवड्यात म्हैस आटत आली होती आणि घरी पाहुणे होते. मी तांब्याभर पाणी घातलं. घातलं ते घातलं, आता कशाला लपवायचं. अनसाबाईनं नळी बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, परत न्या."

मागे माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया उभ्या होत्या. मी हळूच म्हटलं, "अनसाबाई, जरा समजून घे की."

"काय समजायचं हाय ह्यात? पोरांस्नी तुमीच शिकवता न्हवं, खोटं बोलू नये म्हणून."

त्या दिवशी मी घरी येऊन ते दूध मोरीत ओतलं. पुढं तिच्याशी कामापुरतंच बोलले. मनात राग धरून ठेवला आणि तो मला गोड लागायचा.

सात वर्षं असंच चाललं. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं दूध कधी ना कधी परत गेलं होतं आणि प्रत्येक घर तिला शिव्या द्यायचं. लिंगायतांच्या आळीत, धनगरवाड्यात, आमच्या ब्राह्मणांच्या चार घरांत शिव्या सारख्याच. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसायचं. तिच्या मुलीच्या लग्नात भाकरी थापायला शेजारणी आल्या नाहीत. बसवंतप्पांच्या आई गंगम्मा रोज देवळाच्या पायरीवर बसून तिच्या सात पिढ्या काढायच्या. एकदा अनसाबाईच्याच म्हशीला काहीतरी झालं आणि दुधाचा आकडा कमी आला. तिनं सगळ्यांसमोर स्वतःची कळशी बाजूला काढून घरी नेली. तरी कुणी बरं म्हटलं नाही. "नाटक करायलीय," म्हणाले. म्हणाले, आणि सकाळी पुन्हा रांगेत उभे राहिले. नव्वद-नव्वद माणसं. दूध न्यायला बिदरहून येणारा टेंपो भरून जायचा.

मग पावसानं दगा दिला. ओळीनं दुसरं वर्ष. माळावर काडी उरली नाही. अंबाजीची दीडशे मेंढरं दरवर्षी बसवंतप्पांच्या पडीक रानात बसायची. त्या वर्षी बसवंतप्पांनी निरोप धाडला की मेंढरं रानात येऊ देणार नाही. अंबाजी त्यांच्या दारात दोन दिवस बसून आला. तिसऱ्या दिवशी मेंढरं रानात शिरली. काय ठरलं ते कुणी सांगितलं नाही. विचारलंही नाही.

आम्हाला कळलं ते गंगम्मांमुळे. एक दिवस देवळाच्या पायरीवर त्या म्हणाल्या, "अनसा लई गुणाची बाई. हात सोन्यासारखा हाय तिचा."  सात वर्षांत त्या तोंडातून तिच्याविषयी एक चांगला शब्द निघाला नव्हता. जिचं दूध परत जातं ती असं बोलत नाही. म्हणजे आता जात नव्हतं.

दोन दिवसांनी मी पहाटे पाचला गेले. खोलीच्या मागच्या दारातून बसवंतप्पांचा गडी रिकाम्या कळश्या घेऊन बाहेर पडत होता. आत अनसाबाई कॅनचं झाकण लावत होती. नळी टेबलावर कोरडी पडलेली.

"मागच्या दारानं काय आलं?" मी विचारलं.

"दूध."

"बघितलंस?"

तिनं झाकण दाबून बसवलं.

"माझं परत पाठवलंस तेव्हा बघितलं होतंस. सगळ्या गावासमोर."

"मेंढरं मरायली होती, बाई. दीडशे जीव हायत. तुमास्नी पगार हाय."

"मला पगार आहे म्हणून माझं दूध वेगळं होतं का?"

"जावा आता. रांगेत उभ्या ऱ्हावा," ती म्हणाली.

मी रांगेत उभी राहिले नाही. ही गोष्ट मी चार बायकांना सांगितली, हेही कबूल करते. सांगताना मला बरं वाटत होतं. सात वर्षं वाट बघितल्यासारखं.

पण माझ्या सांगण्याची फारशी गरज नव्हतीच. लोकांना आपापल्या परीनं कळलं होतं. कुणी तक्रार केली नाही, वार्षिक सभेत हात वर झाला नाही. रांग नुसती आखूड होत गेली. नव्वदाचे साठ, साठाचे तीस. चिटगुप्प्याचा शरणप्पा नावाचा माणूस मोटारसायकलला कॅन लटकवून यायला लागला आणि लोक वडाखाली त्याच्याकडे दूध घालायला लागले. त्याचं माप मोठं होतं. लिटरमागं घोटभर दूध जास्त जायचं, हे लहान पोरालाही दिसत होतं.

बसवंतप्पांनी सभा बोलावली. बिदरहून एक अधिकारी आणला. त्यानं टेबलावर यंत्रं मांडून दूध कसं तपासतात ते दाखवलं, सगळी यंत्रं ठीक असल्याचं सांगितलं. लोकांनी ऐकलं, चहा प्याले. बसवंतप्पांचा आवाज चढला.

"तो शरणप्पा तुमास्नी लुबाडायलाय. दिसंना काय?"

मागे बसलेला काशाप्पा नावाचा म्हातारा धनगर उठला. अनसाबाईचा चुलत सासरा. "दिसतंय की अप्पा," तो म्हणाला. "पर तो सगळ्यास्नी सारखाच लुबाडतोय." धोतर झटकून तो निघून गेला. त्याच्यामागं निम्मी सभा उठली.

अनसाबाई कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. शिवीही दिली नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिनं मागच्या दाराला आतून कडी घातली. गडी हाका मारून पुढं आला तेव्हा तिनं कळश्या रांगेत ठेवायला लावल्या, पाळी आल्यावर नळी सोडली आणि मोठ्यानं म्हणाली, "एकवीस. परत न्या." रांगेत सहा माणसं होती. त्यातली दोन बसवंतप्पांच्याच भावकीतली. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली, आणि लोक एवढंच म्हणाले की मेंढरांचा काही वांधा आला असेल, म्हणून फिरली. मीही तेच म्हणाले.

संध्याकाळी खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मेंढरं रानातून हाकलली. अंबाजी उरलेली मेंढरं घेऊन उदगीरकडे निघाला. वाटेत बरीच मेली म्हणतात. तो परत आला तो अंथरुणालाच खिळला आणि वर्षाच्या आत गेला. अनसाबाई मुलीकडे गुलबर्ग्याला गेली. तिथं डाळीच्या गिरणीत तूर निवडायचं काम धरलं, असं ऐकलं. गाव सोडताना तिला एसटीपर्यंत पोचवायला कुणी गेलं नाही. शाळेच्या खिडकीतून मला ती दिसली. डोक्यावर गाठोडं, हातात एक पत्र्याची पेटी. मी फळ्याकडे वळले.

१९९० साली बिदरहून दुसरा अधिकारी आला. मधल्या काळात बंद पडलेली संस्था पुन्हा चालू करायची होती. शाळेतच सभा घेतली. अध्यक्ष नवा होता, शिवय्या नावाचा तरुण, बरा माणूस. अधिकारी तासभर बोलला. मग एका बाईनं विचारलं, "तपासायला कोण बसणार?"

"कुणीही बसेल. तुम्हीच नाव सांगा," तो म्हणाला.

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. शिवय्यानं माझ्याकडे बघितलं. शिकलेली बाई, रिटायर व्हायला आलेली, मोकळी. पहाटे साडेपाचला बसायचं, सगळ्या गावाला नको व्हायचं, आणि एक दिवस कुणीतरी आपली अडचण हेरून गळ्याशी हात घालेल त्याची वाट बघायची. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात.

खरंच दुखत होते. पण त्यासाठी नाही म्हटलं नव्हतं. अधिकाऱ्यानं नेमणुकीचा कोरा अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि त्याचा टेंपो निघायच्या आत लोक शरणप्पाच्या मोटारसायकलकडे गेले.