डावी कळ

"भैया के लिए ले रही हैं, बिटिया?" दुकानदाराने विचारलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी एकुलती एक. "भैया होता, तो भी अपने लिए ही लेती," मी फटकन म्हणाले. माणूस अस्सल लखनवी. एवढं टाकून बोलले तरी त्याने स्टूल पुसून पुढे केलं. "तो फिर इत्मीनान से देखिए. हाथ रखके देखिए." मी पाऊण तास एकेका माउसवर हात ठेवून बघत बसले. शेवटी घेतला तो काळा, जरा बोजड, अंगठ्यापाशी दोन जादा बटणं असलेला गेमिंग माउस. त्याच्या पोटात रंग बदलणारा दिवा होता. मी लाल लावला.

हे दोन हजार अकराचं. आम्ही लखनौत आलमबागला रेल्वे कॉलनीत राहायचो आणि मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात आमची पाच जणांची टीम होती. गेम बंदुकांचा, पाच विरुद्ध पाच. आमची कॅप्टन अलीगंजची, गोड चेहऱ्याची आणि भयंकर तोंडाची मुलगी. मी टीममध्ये हातगोळे टाकण्यात पटाईत होते. खोटं कशाला बोलू, कॉलेजात माझ्याइतका नेमका गोळा कुणी टाकत नव्हतं.

बाबांना हे सगळं डोळ्यांसमोर नको होतं. ते मूळचे भुसावळचे, रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर. माउस बघून म्हणाले, "लाल म्हणजे थांब. सगळ्या दुनियेला कळतं, फक्त आमच्या लेकीला कळत नाही." त्यात त्या सेमिस्टरला मी एका विषयात कशीबशी काठावर पास झाले. मग काय, घरात कोर्टच भरलं. निकाल असा लागला: कॉलेजच्या स्पर्धेत जिंकलीस तर पुढे खेळ, मी एक शब्द बोलणार नाही, हरलीस तर हा उंदीर माझ्या कपाटात, पदवी हातात येईपर्यंत. मी म्हणाले, "मंज़ूर है." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मराठीत मंजूर म्हण!"

आणि स्पर्धेला आठवडा असताना माउस बिघडला.

एक क्लिक केला की दोन लागायचे. फाइल निवडायला जावं तर ती उघडायचीच. पण खरा घोळ हातगोळ्यात झाला. गोळा टाकताना डावं बटण दाबून धरायचं, हवं तिकडे वळायचं आणि मग सोडायचं. माझा माउस मध्येच बटण सोडून द्यायचा. मी वळायच्या आतच गोळा सुटायचा, समोरच्या भिंतीवर आपटायचा आणि आमच्याच पायाशी यायचा. सरावाच्या एका सामन्यात मी आपल्याच तीन माणसांना उडवलं. कॅप्टनने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "यार, तू हमारी तरफ़ है या उनकी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, की रविवारपर्यंत हे नीट झालं नाही तर माझ्या जागी दुसऱ्याला बसवावं लागेल. मला इतकी लाज वाटली की रिक्षात बसून मी रडले.

मी काय काय नाही केलं! पोर्ट बदललं. ड्रायव्हर काढून परत टाकला. क्लिकचा वेग कमीजास्त करून बघितला. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरला लावून पाहिला, तिथेही तेच. म्हणजे दोष माउसमध्येच. दुकानदार म्हणाला, वॉरंटीत आहे, पण दिल्लीला पाठवावा लागेल, तीन हफ़्ते मानकर चलिए. शनिवारी दुपारी मी शेवटी तो माउस टेबलावर दोनदा आपटला.

"आपटून गियर दुरुस्त झालेलं मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नाही," दारातून बाबा म्हणाले. गियर म्हणजे त्यांच्या भाषेत कुठलंही यंत्र.

"आपको क्या, आपका तो फ़ायदा ही है," मी चिडून म्हणाले. बाबा एकदम गंभीर झाले. "हरायचं तर तुझ्या हाताने हर. गियरच्या चुकीने हरलीस तर ते मी धरणार नाही. आण इकडे."

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावले तर त्यांनी हात धरला. "आधी चिठ्ठी." रेल्वेत सिग्नलचं कुठलंही गियर उघडायच्या आधी स्टेशन मास्तरला डिसकनेक्शनची चिठ्ठी द्यावी लागते: हे आता बंद आहे, याच्या भरवशावर गाडी सोडू नका. काम होऊन तपासणी झाली की दुसरी, रीकनेक्शनची चिठ्ठी; ती मिळेपर्यंत ते गियर कुणी वापरायचं नाही. हे मला लहानपणापासून पाठ होतं, कारण आमच्या घरी मिक्सरसुद्धा चिठ्ठीशिवाय उघडला जात नसे. स्टेशन मास्तर अर्थातच आई. ती त्याच टेबलावर साबुदाणा निवडत बसली होती.

"हिंदी में लिख दूँ?"

"नाही. हे स्टेशन मराठी आहे."

माझं मराठी तेव्हा ऐकण्यापुरतंच. बटणाला मराठीत कळ म्हणतात एवढं ठाऊक होतं. मी मोठ्या ऐटीत लिहिलं: 'डावी कळ एकदा दाबली की दोनदा लागते.' बाबांनी चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अगं, कळ लागत नाही, कळ येते. पोटात! उंदराला ओवा देऊ का?" आई मान वर न करता म्हणाली, "आणि कळ लावायची ती तुमच्या आत्याबाईंनी." तिने चिठ्ठीवर सही केली आणि आम्ही माउस उलटा केला.

बाबांनी मला आधी शंभर वेळा क्लिक करायला लावलं आणि किती दुहेरी लागले ते लिहून ठेवलं. मग म्हणाले, "काँटॅक्ट थकलंय. आमच्या सिग्नलच्या रिलेचं होतं तसंच. मिटायचं ते एकदम मिटत नाही, थरथरतं. म्हणून एकाचे दोन होतात, आणि धरून ठेवलं तरी मध्येच सुटतं." इंटरनेटवर मी चार दिवस जे शोधत होते ते या माणसाने गेम न खेळता, क्लिक मोजून सांगितलं होतं.

स्क्रू माउसच्या पायांखाली लपलेले निघाले. बटणाखाली शेंगदाण्याएवढा स्विच, त्याचं टोपण उघडल्यावर आत केसासारखी बारीक तांब्याची पट्टी, टोकाला काळी पडलेली. बाबांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापली, स्पिरिटमध्ये बुडवली आणि काँटॅक्टमधून हळूच ओढली. मग मला आईचा चिमटा देऊन म्हणाले, "पट्टीला ताण तू दे. माझा हात आता हलतो." मी पट्टीला किंचित बाक दिला आणि त्याच क्षणी स्विचवरची, बटण जिला दाबतं ती इवलीशी पांढरी दांडी टणकन उडाली. कुठे? थेट साबुदाण्यात!

"कुणी हलायचं नाही," स्टेशन मास्तर म्हणाल्या. आईने अख्खं ताट दाणा-दाणा करून निवडलं. मी श्वास धरून उभी, बाबा बॅटरी धरून उभे. वीस मिनिटांनी तिने बोटाच्या टोकावर ती दांडी वर धरली. "हा दाणा भिजायचा नाही."

माउस जोडला. बाबांनी पाचशे क्लिक करायला लावले, बोट दुखून आलं. एकही दुहेरी नाही. मी नाचलेच! पण दुसरी चिठ्ठी मागितली तर बाबा उठून गेले. "टेबलावर चाललं म्हणून होत नाही. ट्रायल लोडवर, म्हणजे खऱ्या कामात, व्हायला हवा."

रविवारी कॉलेजात सकाळपासून सामने झाले. आम्ही दुपारी फायनलला पोचलो. बाबा स्कूटरवरून आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. शेवटची फेरी, गुण सारखे. आमचे चौघे गेले. समोर दोघं जिवंत, दोघंही एकाच खोलीत, आणि माझ्याकडे एक हातगोळा. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. डावं बटण दाबलं. आता हे सुटलं तर मी माझ्याच गोळ्याने मरणार, आणि उंदीर कपाटात. मी धरून ठेवलं. वळले. दाराच्या फटीतून नेम घेतला. बटण अजून धरलेलंच होतं. मग मी सोडलं, मी स्वतः.

दोघंही गेले.

कॅप्टनने मला खुर्चीसकट उचललं. सगळे ओरडत होते, मीही ओरडत होते, काय ते आठवत नाही. बाबांनी स्क्रीनकडे बघितलंच नव्हतं. ते पूर्ण वेळ माझं बोट बघत होते. गर्दीतून वाकून त्यांनी कानाशी विचारलं, "धरून राहिलं?"

"राहिलं, बाबा," मी म्हणाले. मराठीत.

त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्याच वहीचं पान फाडलं आणि स्कोअरच्या टेबलावर ओणवं होऊन लिहिलं. ती चिठ्ठी आजही माझ्याजवळ आहे. 'डावी कळ दुरुस्त. लोडवर तपासली. गियर वापरणारीच्या ताब्यात देत आहे.' खाली सही. आणि सहीच्याही खाली, आठवल्यासारखं एक ओळ:

'दिवा हिरवा करावा.'