घरमालकिणीने लावलेला फोन

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अडुसष्ट वर्षांत मी घाबरले ती फक्त घरमालकांना! त्यामुळे हे लिहितानाही हात अडतोय... पण घडलं ते घडलं.

मी सोलापूरची. खाजगी बालवाडीत तीस वर्षं शिकवलं, म्हणजे पेन्शनच्या नावानं शून्य. मूलबाळ नाही. नवरा चादरीच्या कारखान्यात होता, तो जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात भाड्याची खोली सोडावी लागली आणि भवानी पेठेत दारोदार फिरले. तीन ठिकाणी नकार. तोंडावर कुणी बोलत नाही, पण कारण एकच — म्हातारी एकटी, खोलीत गेली तर निस्तरणार कोण?

चौथी मालकीण नीलाक्का. ती स्पष्टच म्हणाली, "मावशी, काय कमीजास्त झालं तर हाक कुणाला मारू? घरच्याचा नंबर द्या की."

जुळे सोलापुरातल्या पुतण्याने आधीच बजावलं होतं — "काकू, माझा नंबर कुणाला देऊ नका, ऑफिसात फोन येतात." मग काय करणार? तोंडपाठ होता तो एकच नंबर दिला. ह्यांचा. सिम कधीच बंद झालेलं, मोबाईल भंगारात गेलेला. टिकली मी अजून लावतेच, म्हणून दडपून सांगितलं, "आमचे हे नातेपुत्याला दुकानात कामाला असतात." कोण कशाला फोन करतंय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तर बाई चावी घेऊन दारातच उभी!

"तुमच्या मालकाशी बोलले की! लई मोकळं माणूस. तुमाला टीचर म्हणत्यात व्हय?"

ह्या जगात मला टीचर म्हणून चिडवणारा माणूस एकच होता.

"काय... काय म्हणाले?"

"म्हणले, टीचर अंथरूण धरणार न्हाय, तुमाला तरास व्हणार न्हाय. वेळ आली की मी सोता येऊन नेतो. मग म्हटलं, माझी काय हरकत न्हाय."

तिच्या मोबाईलवर तोच नंबर, चार मिनिटांचा कॉल. मी तिथूनच परत लावला — हा क्रमांक अस्तित्वात नाही. "रेंज नसंल तिकडं," नीलाक्का म्हणाली.

खोलीत पिशव्या टेकवल्या आणि मी रडले. खरं सांगू? रागाने रडले. जिवंतपणी हा माणूस एकाही घरमालकाशी धड बोलला नाही. भांडायचं मी, हातापाया पडायचं मी!

कुणी म्हणतं, तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असेल. असेल बाबा. पण 'टीचर'चं काय? ते शोधत बसायला अंगात त्राण नाही.

नीलाक्का अधूनमधून विचारते, "मालक कधी येणार?" मी म्हणते, येतील सवडीने. मरणाची भीती नाही वाटत हो. पण अकरा महिन्यांचा करार झालाय... तेवढे तरी एका जागी राहू दे म्हणावं मला.