उपाशीपोटीची साखर

आईला मधुमेह झाला तेव्हा आम्ही तेर गावात राहायचो. तिनं गोड सोडलं, रात्रीचं जेवणही सोडलं, तरी सकाळी लघवी घालून तापवली की नळीतलं निळं औषध विटकरी व्हायचं, म्हणजे साखर आहेच.

"वहिनी चोरून गूळ खात असतील," आत्या म्हणायची.

शेवटी मी तिला एसटीनं धाराशिवच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "बाई, तुमची चूक नाही. पोट रिकामं असलं की यकृत स्वतःच साखर तयार करून रक्तात सोडतं. आता पुरे, असं त्याला इन्सुलिन सांगतं. तुमच्या अंगात तेच कमी पडतंय."

"मग ते मला द्या," आई म्हणाली. "सुई टोचायला शिकवा. माझी मी घेईन."

आमच्याकडं सुईला सगळेच भ्यायचे. आई मात्र रोज काचेची सिरिंज उकळून स्वतःच्या मांडीत सुई घ्यायची. हळूहळू नळीतला रंग निळाच राहू लागला. तिनं आत्याला शेजारी बसवून यकृताचं सगळं समजावलं.

"वहिनी, माझं लई चुकलं," आत्या म्हणाली.

पुढं गावात कुणाला मधुमेह निघाला, की लोक त्याला आमच्या घरी पाठवायचे. आई त्याला सुई धरायला शिकवायची, आणि ही माझी आई आहे, हे मी कुणी न विचारताच सांगायचे.