दादाने मागितलेलं मीठ

दादा आमच्याकडे शेवटचं जेवला ते अळणी... आणि त्याचं श्रेय सर्वस्वी माझं. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. रत्नागिरीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, आणि खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या खाजणातल्या भातशेतीत त्याहून जास्त रमलेला. त्याच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, किरणोपचारही झाले, पण तिथे पुन्हा एक डाग दिसू लागला. तो जुन्या उपचारांचा व्रण की गाठच परत वाढतेय, हे नेहमीच्या एमआरआयवरून नीट सांगता येईना. म्हणून मुंबईला संशोधनातला एक वेगळा, सोडियमचा एमआरआय केला. फोनवर मी एवढंच ऐकलं, की डागात सोडियम जास्त आहे. तडक स्वयंपाकघरात जाऊन मी फर्मान काढलं, मीठ बंद. एरवी माझं काही न ऐकणाऱ्या हिने नेमकं तेवढं ऐकलं.

मुंबईहून परतताना दादा आमच्याकडे उतरला. आमटीचा भुरका घेऊन त्याने ताटातली मिठाची रिकामी जागा पाहिली, मग मला.

"जावईबापू, कसली शिक्षा ही?"

मी सोडियमचं सांगितलं. तो ठसका लागेपर्यंत हसला.

"अहो, ते जेवणातलं नव्हे. नेहमीचा एमआरआय शरीरातलं पाणी बघतो, हा मीठ बघतो. पेशी म्हणजे आपलं खाजण समजा. बांध धड आहे तोवर खारं पाणी बाहेर. बांध ढासळला की आत शिरतं. माझ्या डोक्यात तेवढाच तुकडा उजळलेला दिसला."

"म्हणजे गाठच?" हिने विचारलं.

"नुसत्या त्या फोटोवर डॉक्टर काही ठरवत नाहीत गो, अजून अभ्यास चाललाय त्याचा. पण बाकीच्या तपासण्याही तेच सांगतायत." मग पानाकडे बघत म्हणाला, "दुसरं ऑपरेशन नको म्हणून सांगून आलोय मी... आता मीठ वाढ बघू."

ही जागची हलली नाही. मीठ वाढलं तर त्याचा ऑपरेशनला नकार मान्य केल्यासारखं होईल, असं काहीसं तिच्या मनात असावं. शेवटी दादा तसाच जेवला आणि वर आमटी चांगली झाल्याचंही म्हणाला.

भातकापणीच्या आधी तो गेला.

परवा महिन्याच्या श्राद्धाला हिने त्याच्या नावाचं पान वाढलं, आणि सगळ्यात आधी वर मीठ ठेवलं. नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे मलासुद्धा ठाऊक. मिठावरून एकदा फजिती होऊनही मी शहाणा झालेलो नाही. म्हणालो, "अगं, मीठ..."

"देवाला नाही वाढत," ती म्हणाली. "दादाने माझ्याकडे मागितलेलं राहिलंय."