झाकलेलं गाणं

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, १९७८. हजर: पाळकसाहेब, त्याच पावसाळ्यात आमच्या मंडळीत बदलून आलेले, ढोलकी वाजवणारे काका, पेटी वाजवणाऱ्या मावशी, आणि मी, चिटणीस. स्थळ: पुलगाव, देवळामागची खोली. विषय: नाताळच्या उपासनेची गाणी ठरवणे.

हे काम मला आवडायचं. प्रवेशाला कोणतं गाणं, दानार्पणाला कोणतं, कोणत्या सुराला म्हाताऱ्यांचा आवाज पोचत नाही, कोणत्या कडव्यात लेकरं पुढे पळतात, हे सगळं मी आधीच मांडून न्यायची. पहिल्या गाण्याबद्दल तर कधी चर्चाच झाली नव्हती. नाताळच्या सकाळी आमची मंडळी एकच गाणं म्हणत दारातून आत येते. जन्माचं गाणं. मी ते वाचलं आणि पुढच्या गाण्याकडे वळले.

मावशींनी पेटीचा भाता बंद केला.

"ते झाकलेलं आहे," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. काकांनी मान खाली घातली. पाळकसाहेब सोडून आम्ही सगळेच मावशींच्या मुलाच्या दफनाला होतो, सगळ्यांनी ते गाणं म्हटलं होतं, आणि एवढ्या महिन्यांत एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

पाळकसाहेबांना समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे मरणाऱ्या माणसानं मागितलेलं गाणं कबरेपाशी म्हणतात. त्यानंतर ते झाकायचं. त्या घरानं "उघडा" म्हटल्याशिवाय ते कोणत्याही सणाला म्हणायचं नाही. आजवर लोकांनी मागितलेली गाणी संध्याकाळची, विसाव्याची, पैलतीराची होती. सणाला त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं. नाताळचं गाणं कोणी मागितलं नव्हतं. एप्रिलमध्ये मावशींचा एकुलता एक मुलगा काविळीनं गेला. गिरणीत कामाला होता. त्यानं जन्माचं गाणं मागितलं, असं मावशींनी सांगितलं आणि भर उन्हाळ्यात आम्ही ते कबरस्तानात म्हटलं. विचित्र वाटलं होतं. पण अशा वेळी आईला कोण काय विचारणार?

पाळकसाहेब म्हणाले, शास्त्रात असं कुठेही लिहिलेलं नाही, खुशाल म्हणा.

"साहेब, माह्या ढोलकीचंबी कुठी लिहिलं नाई," काका म्हणाले. "तरी वाजवूनच राह्यलो ना मी?"

मी मधला मार्ग काढला. मावशी, घर तुमचंच आहे, तुम्हीच "उघडा" म्हणा.

"मी काऊन म्हणू? त्याचं घर म्हणजे त्याची बायको. तिले विचारा."

आता काकांनीही मान वर केली. सून पावसाळ्याआधीच माहेरी, अल्लीपूरला निघून गेली होती. तेव्हापासून मावशींच्या तोंडून तिचा उल्लेखसुद्धा आम्ही ऐकला नव्हता. इकडे मावशींशिवाय पेटीला दुसरं माणूस नव्हतं, आणि उघडल्याशिवाय त्या ते गाणं वाजवणार नव्हत्या. मीच जाईन म्हणाले.

मी शाळेत शिकवायची; सुटीच्या दिवशी वर्ध्याला बस बदलून अल्लीपूरला गेले. सुनेच्या भावाच्या घरात अर्धी खोली कापसानं भरली होती. त्या ढिगाशी बसून ती डागी कापूस वेगळा काढत होती. मी येण्याचं कारण सांगितलं. नाताळचं गाणं उघडायला तिची परवानगी हवी.

ती हात न थांबवता म्हणाली, "माह्या परवानगीचं काय काम, बाई? त्यायनं ते मागतलंच नव्हतं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. त्यानं स्वतः रचलेलं एक गाणं होतं. गिरणीतल्या पाळीवरून आला की चुलीपाशी बसून दोघं म्हणत. दवाखान्यात त्यानं तेच मागितलं, आईसमोर.

"मले येते ते. मी एकटीनं म्हटलं असतं. कोणी विचारलंच नाई. आईनं दुसरंच सांगतलं, अन् तुमी सारे म्हणू लागले."

सगळ्या मंडळीनं मिळून एका माणसाला भलत्याच गाण्यानं मातीत ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, ते गाणं एकदा म्हण, मी उतरवून घेते. तिनं एक ओळ गुणगुणली आणि ओठ मिटले.

"इथं नाई. तिथं येऊन म्हणीन, देवळात. पण आईनं बोलवावं. तेवढं सांगजा."

परतीच्या प्रवासात मी फक्त एवढाच विचार केला की, हे मावशींना कोणत्या शब्दांत सांगायचं. पोटचा मुलगा, आणि शेवटचं मागणं चुकलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी जमेल तेवढं हळू सांगितलं.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"तिथं ती एकटी म्हणली असती, बाई, अन् आपण सारे मुके उभे राह्यलो असतो. माह्या पोराले मुक्यानं मातीत देऊ काय? सगळ्यायले येत होतं ते सांगतलं मी."

मी सुनेचा निरोप दिला. मावशींनी ताटातले खडे वेचून बाहेर टाकले.

"बोलावणं कायले लागते? तिचं देऊळ नाई काय ते?"

पुढच्या रविवारी मावशी मंडळीसमोर उभ्या राहून एकच शब्द बोलल्या, "उघडा." लोकांना वाटलं, सुनेनं होकार दिला. पाळकसाहेबांनी समाधानानं मान हलवली. खरं काय ते मी फक्त काकांना सांगितलं होतं. ते ढोलकीची दोरी आवळत बसले. नाताळच्या सकाळी आम्ही तेच गाणं म्हणत आत आलो. मावशींनी एकही सूर चुकवला नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत काका दाराकडे पाहत होते. मीही पाहत होते. कोणी आलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, हंगामाच्या, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या, उपासनेच्या आदल्या दुपारी मी देवळाची किल्ली घेऊन गेले, तर आतून पेटी ऐकू येत होती. मावशी एकेक पट्टी दाबून काहीतरी शोधत होत्या. अल्लीपूरला ऐकलेली ती एक ओळ मी लगेच ओळखली. पुढे सूर अडकायचा, त्या मागे यायच्या, पुन्हा तिथंच अडकायच्या. मला पाहून त्यांनी हात काढला नाही.

"भिंतीपल्याडून ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "अर्धंच येते मले."

मी तिथल्या तिथं म्हटलं, मावशी, दोन शब्द सांगा, उद्याच्या बसनं निरोप नेते. त्यांनी पेटीवर कापड ओढलं आणि फुलांना पाणी कोण आणणार आहे ते विचारलं.

आता त्यांची बोटं आखडली आहेत. सून अजून अल्लीपूरलाच आहे, गाणंही तिच्यापाशीच आहे. नाताळ जवळ आला की मी कामं लिहून काढते: पेटी दुरुस्तीला देणे, ढोलकीची शाई पाहणे, जन्माचं गाणं पहिलं. त्या सगळ्यांच्या वर एक काम दर वर्षी लिहिते, यंदाही लिहिलं आहे: मावशींकडून बोलावणं घेऊन अल्लीपूरला जाणे.

बाकीची कामं झाली आहेत.